पहिल्याच खेळीत जिंकलेला डाव

फुल्ली-गोळ्याचा पट पायथॉनमध्ये मांडायचा आहे. सोपी युक्ती म्हणजे तीन शून्यांची एक यादी घ्यायची, ती दुसऱ्या यादीत ठेवायची आणि त्या बाहेरच्या यादीला ३ ने गुणायचं. छापून पाहिलं तर नऊ शून्यं, तीन-तीनच्या गटांत. आता पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात १ लिहा आणि पट पुन्हा छापा. डावीकडचा अख्खा उभा रकाना १! पहिल्याच खेळीत डाव जिंकलात.

गोम अशी की बाहेरच्या यादीत ओळी नसतातच, असतात त्यांचे पत्ते. गुणाकाराने पत्ता तीनदा लिहिला गेला, ओळ एकच राहिली. साधी कॉपीही असंच करते: बाहेरची यादी नवी, आतले पत्ते जुनेच. म्हणून तर 'डीपकॉपी' आहे. ती प्रत्येक पत्त्यावर जाऊन तिथल्या यादीचीही नवी प्रत काढते. (शून्याची काढत बसत नाही. शून्य बदलणारच नाही, मग कशाला?)

खरी गंमत पुढेच. पायथॉनमध्ये यादी स्वतःच्याच पोटात ठेवता येते. आत जाल तर तीच, तिच्या आत पुन्हा तीच. हिची प्रत काढायला आत शिरलेला बाहेर यायचा कधी? तरी डीपकॉपी क्षणात परतते, कारण तिच्यापाशी एक वही असते. यादी दिसली की ती आधी एक कोरी यादी करते, 'या ओळखक्रमांकाची प्रत ही' अशी वहीत नोंद करते आणि मगच माल भरायला घेते. हा क्रम मला फार आवडतो. आधी माल भरायला गेली असती तर गेलीच असती. तोच क्रमांक आत पुन्हा भेटला, की वहीतली ती अर्धवट प्रतच तिथे ठेवून मोकळी. नवी यादी मग स्वतःच्याच पोटात, जुनीच्या नव्हे.

१९७० साली सी. जे. चेनी यांनी वापरातला डेटा मेमरीत नव्या जागी हलवण्याची जी रीत मांडली, तीत वहीसुद्धा नाही. जुन्या जागेवरच नवा पत्ता लिहून ठेवायचा!

आता आपला तो फसवा पट, कोरा असतानाच, डीपकॉपीला द्या. पहिली ओळ वहीत चढते, पुढच्या दोन्ही वेळा नोंद सापडते. प्रतीत एका घरात १ लिहा: मूळ पट कोराच, पण प्रतीतला रकाना अख्खा १. तोच पट जेसनच्या मजकुरात उतरवून परत वाचला, तर मात्र तिन्ही ओळी सुट्या होऊन येतात. मजकुराला पत्ते ठाऊकच नसतात.