औंध : राजाने गावाला राज्य दिले

साताऱ्याहून एस. टी. त बसा. कोरेगाव जाते, रहिमतपूर जाते. मग उघडे माळ आणि बोडके डोंगर दिसू लागतात. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी औंध गाव आहे. तालुका खटाव, जिल्हा सातारा. गाव लहानच, पण त्याची गोष्ट मोठी आहे.

मुलूख कसा आहे?

हा मुलूख दुष्काळी. असे का बरे? पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात. सह्याद्रीला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. खटाव-माणकडे त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. म्हणून इथे ज्वारी-बाजरी पिकते, माळावर मेंढरे चरतात. पाणी जपून वापरायचे, हे इथल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

डोंगरावरची यमाई

गावाजवळच्या डोंगरावर यमाईदेवीचे देऊळ आहे. देवळाभोवती किल्ल्यासारखा तट आहे. वर जायला पायऱ्या आहेत, आता मोटारीची वाटही झाली आहे. देवीची मूर्ती काळ्या दगडाची. दूरदूरच्या घराण्यांची ही कुलदेवी. गावातही यमाईचे देऊळ आहे. तिथली दगडी दीपमाळ पाहायला मान चांगली वर करावी लागते.

राजाचे संग्रहालय

डोंगराच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय आहे. ते १९३८ साली बांधले. बांधणारे होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. ते स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसारही त्यांनी खूप केला.

संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. हस्तिदंताचे, चंदनाचे कोरीव काम आहे. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडवलेले आई आणि मूल यांचे शिल्पही आहे. अशा वस्तू पाहायला लोक मोठ्या शहरात जातात. इथे त्या खेड्यात आहेत.

राजाने काय केले?

औंध हे संस्थान होते. म्हणजे वर इंग्रजांचा अंमल, पण आत कारभार राजाचा. संस्थानात ७२ गावे. ती एका जागी नव्हती, तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. कुंडल आणि आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत. गुणदाळ कर्नाटकात गेले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी जाहीर केले, की राज्याचा कारभार मी प्रजेच्या हाती देतो. राजाने आपण होऊन सत्ता सोडायची, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी यात पुढाकार घेतला. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर मदतीला होते. गांधीजींचा सल्ला घेतला. जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना झाली.

तिचा पाया होता गाव. गावाने आपले पाच पंच निवडायचे. शाळा, रस्ते, पाणी यांचे पंचांनी पाहायचे. तंटे होता होईल तो गावातच मिटवायचे. पंचांच्या वर तालुका समिती, तिच्या वर विधिमंडळ. महसुलातला मोठा वाटा गावांच्या कामी यायचा. एरवी हुकूम वरून खाली येतो. इथे कारभार खालून वर जाऊ लागला.

सांगलीकडच्या दोन खुणा

संस्थानाच्या दुसऱ्या तुकड्यांतही पाहण्यासारखे आहे. कुंडलजवळ किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. बाळासाहेबांनी त्यांना ओसाड माळ दिला. त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकऱ्यांना आधी वाटे. पुढे तोच नांगर घरोघर गेला.

दुसरी खूण आटपाडीजवळची. तिचे नाव स्वतंत्रपूर. १९३९ साली इथे खुला तुरुंग सुरू झाला. उंच भिंती नाहीत. कैद्याने शेती करायची आणि विश्वासाला जागायचे. यावरूनच व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट सुचला. तो १९५७ साली आला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले.

कारखाना असो, तुरुंग असो की पंचायत, रीत एकच होती. माणसावर आधी विश्वास टाकायचा, मग काम सांगायचे.

पुढे काय झाले?

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गावांचे ते राज्य नऊ वर्षे चालले. १९५१ साली बाळासाहेब वारले.

पण ती कल्पना मेली नाही. आज गावोगाव ग्रामपंचायत आहे. १९९३ पासून तिला भारताच्या राज्यघटनेचाच आधार आहे. औंधला राजाने दिले, ते आज तुम्हा-आम्हाला हक्काने मिळाले आहे.

मात्र हक्क असून भागत नाही, तो वापरावा लागतो. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागते. आता ती तुम्हाला वाचता येते. मग वाचा. सभेला जा. विहिरीवर किती खर्च झाला, शाळेच्या छपराला किती लागले, ते विचारा. हिशेबाचा कागद मागा आणि स्वतः वाचून पाहा. अंगठा उठवण्याआधी दुसऱ्याचे तोंड पाहायचे दिवस गेले.

कधी औंधला गेलात, तर यमाईचे दर्शन घ्या, चित्रे पाहा. मग डोंगरावरून खाली नजर टाका. ते लहानसे गाव दिसेल. राजाने राज्य परत दिले, ते तिथे.