महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवलं, पुढे काय होतं? सोलापूरच्या एका मोबाईलची गोष्ट

2024 च्या दिवाळीत मी घरी सोलापूरला गेलो होतो. फराळाच्या ताटावर हात मारतोय तोवर मावसभाऊ मोबाईल पुढे धरून उभा. ‘दादा, हे बघ की जरा. ऑफिसातले म्हणतात पैसे सोडले, माझ्या खात्यात रुपया नाही.’

तो बी.कॉम. झालाय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात डेटा एंट्रीच्या कामावर लागला होता. घरात सगळ्यांना सांगून झालं होतं की पोराला नोकरी लागली. पैसे मात्र येत नव्हते, आणि आईला काय सांगायचं हा त्याचा खरा प्रश्न होता.

सोलापूर माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. हे गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या. चादर-टॉवेलचे यंत्रमाग आणि विडी कारखाने उरले, पण पदवी घेतलेल्या पोराला तिथे जायचं नसतं आणि तिथला पगारही परवडत नाही. म्हणून शिकलेली पोरं सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला येतात. मीही त्यातलाच.

योजनेत नक्की काय आहे

ही योजना राज्य सरकारने 2024 मध्ये आणली. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा रहिवासी, महास्वयं पोर्टलवर नोंदणी. सहा महिने एखाद्या कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात काम शिकायचं. बारावी पास असेल तर महिना 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. पैसे कंपनी देत नाही, सरकार थेट बँकेत टाकतं. पुढे 2025 मध्ये सहा महिन्यांचे अकरा महिने केले.

पण एक गोष्ट नीट वाचा. सरकारी भाषेत हा पगार नाही, ‘विद्यावेतन’ आहे. पीएफ नाही, कायम करण्याची हमी नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. अकरा महिने झाल्यावर काय, म्हणून राज्यभर प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली ती यावरूनच. नोकरी आणि प्रशिक्षण यातला हा फरक घरच्यांना आधीच सांगून ठेवला तर नंतरची भांडणं वाचतात.

पैसे गेले कुठे?

आता मावसभावाच्या दहा हजारांकडे येऊ, कारण हा घोळ खूप जणांचा होतो. शिष्यवृत्ती असो, लाडकी बहीण असो, आधारवरून येणाऱ्या कुठल्याही पैशाला हे लागू आहे.

आपल्याला वाटतं की फॉर्ममध्ये खाते क्रमांक लिहिला म्हणजे पैसे तिथेच येणार. पण पैसे ‘आधार पेमेंट ब्रिज’ने पाठवले तर खाते क्रमांक बघितलाच जात नाही. एनपीसीआयकडे ‘मॅपर’ नावाची एक मोठी यादी आहे. त्यात तुमच्या आधार क्रमांकासमोर फक्त एका बँकेची ओळख असते. सरकारने पैसे सोडले की सिस्टिम ही यादी बघते, त्या बँकेकडे पैसे ढकलते, आणि ती बँक आपल्याकडचं तुमचं खातं शोधून त्यात टाकते. यादीत एका वेळी एकच बँक. जिथे शेवटचं सीडिंग झालं, ती.

म्हणूनच ‘माझं आधार बँकेत लिंक आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. केवायसीसाठी आधार चार बँकांत दिलेलं असू शकतं. सीडिंग म्हणजे मॅपरमध्ये नाव जाणं, आणि ते एकाच बँकेचं असतं. बँकेतल्या काउंटरवरसुद्धा काही वेळा या दोन गोष्टी एकच समजतात, त्यामुळे विचारताना ‘डीबीटीसाठी सीडिंग’ असा शब्द वापरा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मायआधार साइटवर ओटीपीने लॉगिन करा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं. मावसभावाच्या स्क्रीनवर आलं एका पेमेंट बँकेचं नाव, जे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग आठवलं: कॉलेजात असताना नवीन सिम घेतलं होतं, दुकानदाराने मशीनवर दोनदा अंगठा घेतला होता. दुसरा अंगठा खातं उघडायचा! दोन महिन्यांचे पैसे तिथे गुपचूप पडून होते.

ते पैसे काढले आणि सीडिंग पुन्हा त्याच्या रोजच्या बँकेत करून घेतलं. यासाठी बँकेत फॉर्म देता येतो. एनपीसीआयच्या साइटवर ‘भारत आधार सीडिंग एनेबलर’ नावाची ऑनलाइन सोयही आहे, पण सगळ्या बँका त्यात नाहीत.

आणि हो, नोंदणी फुकट आहे. कोणी ‘पोर्टल फी’ मागितली किंवा साइटच्या नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर तिथून निघा.

पोर्टल नोकरी देतं का?

पैशांचं सुटलं. पण मला त्या रात्री झोप येईना, कारण तो म्हणाला होता, ‘दादा, संपल्यावर पोर्टल दुसरी नोकरी देईल ना?’

नाही देणार. महास्वयं म्हणजे मुळात एक डेटाबेस आहे. एका बाजूला तुमची माहिती, दुसऱ्या बाजूला कंपन्यांनी टाकलेल्या जागा, मध्ये फिल्टर. कंपनी जिल्हा, शिक्षण, कौशल्य निवडते आणि जुळणारी नावं बघते. मावसभावाच्या प्रोफाइलमध्ये कौशल्याचा रकाना रिकामा होता, मोबाईल नंबर बंद पडलेला होता. त्याला टॅली आणि एक्सेल छान येतं, पण ‘टॅली’ शोधणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. हे त्याच रात्री भरलं. तुम्हीही आज भरा.

पण फिल्टर कितीही चांगला असला तरी समोर जागाच कमी असतील तर जुळवणार काय? पोर्टलवर आधी पुणे जिल्हा निवडून जागा शोधा, मग सोलापूर निवडा. स्वतःच फरक बघा.

यामागे कायद्याचीही एक गंमत आहे. 1959 च्या सेवायोजन कार्यालय कायद्याने 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा सरकारला कळवणं बंधनकारक केलं. पण त्यातून माणूस घेतलाच पाहिजे असं बंधन ठेवलं नाही. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली, तरी घेण्याची सक्ती तिथेही नाही. आणि सोलापुरातली बरीचशी कामं अशा छोट्या कारखान्यांत आहेत जे कायद्याच्या मर्यादेच्या खालीच राहतात. म्हणजे गावातलं जे काम खरंच आहे, तेच पोर्टलवर दिसत नाही.

सरकारचा दुसरा रस्ता म्हणजे तुम्हालाच मालक करणं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून आहे, प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं. बाकीची बहुतेक रक्कम मात्र बँकेचं कर्ज असते आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

माझं मत विचाराल तर विद्यावेतन वाईट नाही. दहा हजार रुपये घरात येणं आणि ऑफिसात बसायची सवय होणं, दोन्हीला किंमत आहे. पण पोर्टलच्या पहिल्या पानावर मला एकच आकडा हवाय: आपल्या जिल्ह्यात किती जणांचं प्रशिक्षण संपलं आणि त्यातल्या किती जणांना तिथेच किंवा दुसरीकडे नोकरी लागली. हे दाखवायला फार मोठा कोड लागत नाही, प्रशिक्षण संपल्यावर प्रत्येकाला एक मेसेज पाठवून विचारलं तरी होईल.

मावसभावाचे अकरा महिने संपले. कार्यालयाने ठेवलं नाही. आता तो अक्कलकोट रोडला शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात ऑर्डर आणि जीएसटीची बिलं बघतो. ही नोकरी कळली शेजारच्या काकूंकडून. मी मालकांना विचारलं, जागा पोर्टलवर का टाकत नाही? म्हणाले, ‘गेटवर पाटी लावली की पोरं येतात, तुमचं पोर्टल कोण उघडणार बे?’

तरी मागच्या रविवारी त्यांच्याच टेबलावर बसून कारखान्याची नोंदणी करून दिली. शिलाई मशीन ऑपरेटरच्या दोन जागा टाकल्यात. मालक रोज मावसभावाला विचारतात, आलं का कोणी?