मेलेल्या झाडाचे पीक

चंद्रपुरात जमिनीखाली दगडी कोळसा आहे आणि जमिनीवर जंगल. दोन्ही मुळात लाकूडच. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी इथल्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिस या आता लुप्त झालेल्या वंशातली झाडे पडली, पाण्याखाली आणि गाळाखाली गाडली गेली, आणि पुरती कुजलीच नाहीत. बल्लारपूर, माजरीच्या खाणींतून आपण काढतो तो कोळसा त्यांचाच. आज मात्र भामरागडच्या किंवा सिंदेवाहीच्या जंगलात ऐनाचे एखादे झाड आडवे झाले, तर त्याचा कोळसा होत नाही. काही पावसाळ्यांत त्याच्या सालीतून अळिंबी डोकावू लागते आणि झाड हळूहळू मातीत मिसळते.

लाकूड पचवणे सोपे नाही. त्यात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना घट्ट बांधून ठेवणारे लिग्निन. लिग्निन इतके चिवट, की ते पुरते मोडू शकणारे सजीव फार थोडे, आणि त्यांत बुरशी सर्वांत पुढे. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ३१ बुरशींचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा लिग्निन मोडण्याची ही कला साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी अवगत झाली असावी असे दिसले. बुरशीला ती जमण्याआधी लाकूड कुजत नव्हते, म्हणून पृथ्वीवर एवढा कोळसा साठला, असेही त्या वेळी मांडले गेले. ते सर्वांना पटलेले नाही. कोळसा साठायला खचत जाणारी खोरी आणि प्राणवायू नसलेले दलदलीचे पाणीच पुरेसे होते, असे २०१६ मधल्या अभ्यासाने म्हटले. मला हे दुसरे मत अधिक पटते, कारण चंद्रपूरचा कोळसा दलदलीतलाच आहे.

ओंडक्यावर दिसते ती अळिंबी म्हणजे बुरशीचे फळ. खरी बुरशी आत, लाकडाच्या कणाकणात, तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे राहते. म्हणून अळिंबी ओळखायची तर आधी ओंडका पाहावा. लाकूड पांढरट, मऊ आणि धागेदार झाले असेल, तर आतल्या बुरशीने लिग्निनही खाल्ले आहे. ते तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडल्या असतील आणि बोटांनी चुरडल्यावर भुगा होत असेल, तर बुरशीने सेल्युलोज खाऊन लिग्निन तसेच टाकले आहे. धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळिंबी, पहिल्या प्रकारातली. लाकडात नत्र अगदी कमी असते. ती उणीव धिंगरी शिकार करून भरून काढते. तिच्या तंतूंवर सूक्ष्म फुगीर गाठी असतात. त्यांना सूत्रकृमी घासला की गाठ फुटते, विषारी द्रव्य बाहेर येते आणि कृमी लुळा पडतो. मग तंतू त्याच्या शरीरात शिरतात. हे द्रव्य नेमके कोणते, ते २०२३ मध्ये उलगडले.

जिवंत वा मेलेल्या झाडांवर आणखीही ओळखीचे चेहरे दिसतात. मऊ, लवचीक, तपकिरी कानासारखी ऑरिक्युलेरिया चीनच्या स्वयंपाकात रोजची आहे. पांढऱ्या लवेची, नखाएवढी पंखेदार शायझोफायलम उन्हात वाळून कडक होते आणि पाऊस पडताच पुन्हा जिवंत होते. मणिपुरात ती आवडीने खातात. तिच्या छत्रीखालची प्रत्येक पाती लांबीच्या दिशेने दुभंगलेली असते, एवढी एक खूण पुरते. लाकडासारखी टणक, वरून लाखेचा लेप दिल्यासारखी चकाकणारी गॅनोडर्मा मात्र भाजीची नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला खरी ओढ सात्या नावाच्या अळिंब्यांची. त्या झाडावर नाही, वारुळापाशी उगवतात; पण त्यांचेही अन्न शेवटी लाकूड आणि पालापाचोळाच. वाळवी ते चावून आणते, वारुळाच्या पोटात त्याचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस ही सात्यांची बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते आणि वाळवी ते खाते. हा संसार सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये या बुरशीच्या वंशाला नाव दिले. तरी वाळवीशिवाय सात्या पिकवून बाजारात आणणे अजून कोणाला जमलेले नाही. पावसाळ्यात रस्त्याकडेला पळसाच्या पानांवर मांडलेल्या सात्यांना एवढा भाव मिळतो, त्यामागे हेही कारण आहे.

आता मुख्य गोष्ट. ‘झाडावर उगवली, म्हणजे खायला हरकत नाही’ हे खोटे आहे. जपानमध्ये सूचिपर्णी झाडांच्या खोडांवर उगवणारी एक पांढरी अळिंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात होते. २००४ च्या शरद ऋतूत ती खाल्ल्यावर डझनाहून अधिक माणसे मेंदूच्या विकाराने दगावली. त्यांतल्या बहुतेकांना मूत्रपिंडाचा जुना आजार होता. त्याच देशात ओंडक्यावरची आणखी एक विषारी जात धिंगरीसारखी दिसते आणि दरवर्षी फसवते. थंड प्रदेशांतल्या कुजक्या लाकडावर येणाऱ्या गॅलेरिना या इवल्याशा तपकिरी अळिंबीत तर अमॅटॉक्सिन असते. हे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग माणसाला बरे वाटू लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होते. मधले ते बरे वाटणे फार घातक, कारण तेवढ्यात दवाखान्यात जायचे राहते. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण रंग बदलते का, किडे खातात का, यांपैकी एकाही परीक्षेने विष कळत नाही.

जंगलात जाणाऱ्या बायांची रीत वेगळी असते. त्या ‘अळिंबी’ म्हणून काही ओळखत नाहीत. ठरावीक दोन-चार जातीच ओळखतात. कोणत्या नक्षत्रात, कोणत्या लाकडावर, कोणत्या वासाची, हे सगळे जुळले तरच तोडायचे. बाकी सगळ्याकडे पाठ फिरवायची. शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. फार तर एक भर घालते: छत्री रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा रंग पाहावा. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट येतो, गॅलेरिनाचा गंजासारखा तपकिरी. तरीही फोटो पाहून किंवा हा लेख वाचून कोणी काही तोडून खाऊ नये. शंका असेल तर तोडू नका. खाल्लीच असेल आणि त्रास झाला, तर उरलेली कच्ची अळिंबी घेऊन लगेच दवाखाना गाठा.

तोडायची तर कोवळी, आणि कोळसा खाणी, राखेचे तलाव, वाहता रस्ता यांपासून दूर, कारण अळिंबी पारा, कॅडमियमसारखे जड धातू स्वतःत साठवते. तोडल्याने बुरशी संपते का? स्वित्झर्लंडमध्ये जमिनीवरच्या अळिंब्यांवर २९ वर्षे केलेल्या अभ्यासात तोडणीने पुढचे पीक घटले नाही. पायाखाली तुडवल्याने मात्र घटले. लाकडावरच्या अळिंबीचे खरे दुखणे दुसरे आहे. सरपण म्हणून किंवा ‘जंगल साफ’ करण्यासाठी ओंडकाच उचलला, की पीक कायमचे गेले.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या अभ्यास गटाने मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत याआधीच शोधून रुजवली आहे. अळिंबीसाठीही असेच करता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोक जैवविविधता नोंदवहीची वाट खुली केली आहे. गावातल्या जाणत्या बायांना सोबत घेऊन तिच्यात अळिंबीचे वेगळे पान उघडावे: नाव, झाड, महिना, खाण्याची की टाकायची. आणि प्रत्येक ग्रामसभेने आपल्या जंगलातले काही पडके ओंडके जागेवरच कुजू द्यायचे ठरवावे. येत्या पावसाळ्याआधी एवढे करा.