द्राक्षबागेची सोळा वर्षं : घाव कुठे बसला, उपाय कुठे सापडला

द्राक्ष बागाईतदाराचं वर्ष दोन छाटण्यांवर उभं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण सुरू होते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तो घड बाहेर पडतो. निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पंढरपूरपर्यंत हाच क्रम. २००९ ते २०२५ या काळाकडे मागे वळून पाहिलं, तर वेलीच्या जवळपास प्रत्येक अवस्थेला एकेक मोठा तडाखा बसलेला दिसतो. आणि नुकसान ज्या महिन्यात दिसलं, त्याचा उपाय बहुतेक वेळा कितीतरी आधीच्या कामात सापडला.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाचा पाऊस आला तेव्हा अनेक बागा फुलोऱ्याच्या आसपास होत्या. घडाचा हा सर्वांत नाजूक काळ. पानं ओलीच राहिली आणि डाऊनी या बुरशीरोगाने बागा धरल्या. पानावर आधी तेलकट, पिवळसर डाग पडतो. पान उलटलं की त्याच जागी पांढरी बुरशी दिसते. हीच बुरशी कोवळ्या घडात शिरली की घड तपकिरी होऊन वाळतो, आणि मग कितीही महागडी फवारणी केली तरी तो परत येत नाही. शिवाय चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत घालता येत नव्हता, तो वेगळाच घोर. त्या हंगामाने शिकवलं ते असं : औषध पावसाआधी पानावर असायला हवं, वांझ फुटी वेळेत निघायला हव्यात आणि ओलांड्यावर गर्दी नको. हवा खेळती असली की पान लवकर सुकतं आणि औषध घडापर्यंत पोहोचतं. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाचं गणित वेगळं. तिला पान ओलं असण्याची गरज नसते, ढगाळ गारवा पुरतो. पण मोकळी कॅनॉपी तिलाही आवर घालते.

त्याच हंगामातून जो माल वाचला, त्याच्या वाट्याला २०१० च्या वसंतात दुसरं संकट आलं. युरोपात तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं अडकली. हे संजीवक, म्हणजे बागाईतदारांचं ‘सीसीसी’, खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून वापरलं जायचं. उन्हाळ्यात फवारलेलं पुढच्या वर्षी मण्यात सापडलं! अपेडाच्या ‘ग्रेपनेट’मध्ये निर्यातीच्या बागांची नोंद आधीपासून होती, या धक्क्यानंतर वर्षभरातल्या प्रत्येक फवारणीची वही ठेवण्याचं महत्त्व बांधावर पटलं. औषध कोणतं, यासोबत काढणीला किती दिवस उरले, हाही प्रश्न विचारला जाऊ लागला.

काढणीचा काळ बाहेरून सुखाचा दिसतो, पण बागाईतदाराचा जीव तेव्हाच सर्वांत टांगणीला असतो. मण्यात पाणी उतरतं, मणी मऊ होतो, रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी चढू लागते. निर्यातीला १६ ते १८ ब्रिक्स लागते. या टप्प्यावर पाऊस पडला तर मण्यांना तडे जातात आणि कूज लागते. काढणीही जपूनच करायची : पहाटेच्या गारव्यात, मण्यावरची लव न पुसता, देठाला धरून घड कापायचा. डागी आणि बारीक मणी कात्रीने काढायचे. आणि उन्हाआधी माल प्रीकूलिंगला पोहोचवायचा. मार्च २०२० मध्ये माल असा तयार असताना टाळेबंदी लागली. मजूर, गाड्या, बाजार, सगळंच अडलं. पुष्कळांनी उरलेली द्राक्षं बेदाण्याकडे वळवली. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पण तो टिकतो. ज्या भागात शेड होती, ओळख होती, तिथे माल वाचला.

२६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. गारेपुढे औषध नाही, कॅनॉपी नाही. त्यानंतर प्लॅस्टिक आच्छादनाची चर्चा जोरात झाली. खर्च मात्र लहान बागाईतदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

२०२५ मध्ये घाव अगदी मुळाशी बसला. पाऊस मे महिन्यातच आला आणि लांबत गेला. डोळ्यांत घड घडत असताना काडीला ऊन हवं असतं, तेच मिळालं नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाल्यावर अनेक बागांत फुटी निघाल्या, घड निघाले नाहीत. रोग नाही, तडे नाहीत, डोळाच रिकामा.

या सोळा वर्षांत आपला बागाईतदार फवारणीत तरबेज झाला, पानं वाचायला शिकला, अंश सांभाळायला शिकला. पण फळपीक विम्याची रचना अजून फळछाटणीनंतरच्या काळाभोवतीच बेतलेली आहे. मे-जूनच्या ढगांनी झालेलं नुकसान तिच्या हिशेबात बसत नाही. द्राक्षाचं पीक एप्रिलपासून घडतं, हे प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक आहे. ते आता विमा आखणाऱ्यांनी मान्य करायला हवं, आणि आच्छादनाच्या मदतीत पहिला हक्क एक-दोन एकरवाल्याचा असायला हवा.