आबांच्या मेंदूचे छायाचित्र

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मेंदूवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. त्यांना आधीच सांगून ठेवतो की हा विषय मी हौसेने निवडलेला नाही; तो आमच्या घरी चालून आला. माझे घर आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या जवळच्या एका गावी आहे. इथे मी मामांकडे राहून शिकतो. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत घरी गेलो, तेव्हा कपाटावर एक मोठे पाकीट दिसले. आत काळ्या फिल्मा होत्या आणि एकेका फिल्मवर अक्रोड मधोमध कापल्यासारखी वीस-वीस चित्रे होती. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, हैदराबादला नेऊन काढलेला तो एम.आर.आय. होता. सोबतच्या कागदावर अल्झायमर हा शब्द होता, आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल झालेले आहेत असे इंग्रजीत लिहिले होते. बाबांनी तो कागद माझ्या हाती दिला. "तू शिकतोस ना, वाच," म्हणाले. मी वाचला, पण अर्थ मलाही सांगता येईना.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आबांनी आयुष्यातील तीस वर्षे कापसाच्या अडत दुकानात मुनिमकी केली. शेतकऱ्यांशी बोलणे तेलुगूत, कीर्द-खतावणी मराठीत, आणि बेरीज तोंडी. असे आबा एकाच महिन्याचे दुधाचे पैसे तीनदा देऊ लागले. घरात कुरबूर सुरू झाली. मी तेव्हा नुकताच बी.कॉम.ला आलो होतो. एका संध्याकाळी मी त्यांची वही घेतली, लाल शाईने चुकांभोवती गोल काढले आणि सर्वांसमोर म्हणालो, "आबा, आता हिशेब तुम्ही करू नका." आबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. ती लाल शाई मला अजून टोचते. ह्या लेखासाठी जे काही वाचले, ते मुळात तिच्यामुळे वाचले.

मेंदू कापून पाहिला तर बाहेरची साल करडी आणि आतला भाग पांढरा दिसतो. करड्या भागात चेतापेशी असतात. त्या पेशींपासून निघून मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोहोचविणारे तंतू आतल्या पांढऱ्या भागात असतात. ह्यालाच श्वेतद्रव्य म्हणतात. त्याचा पांढरेपणा मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणाचा आहे. विजेच्या तारेवर रबर असते तसे हे आवरण तंतूवर गुंडाळलेले असते, आणि त्यामुळे निरोप वेगाने जातो. कोपनहेगन येथील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार विसाव्या वर्षी पुरुषाच्या मेंदूतील अशा तंतूंची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर असते, स्त्रीच्या मेंदूत सुमारे १,४९,०००. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे, हे लक्षात घ्यावे. मी आज वीस वर्षांचा आहे, म्हणजे माझ्याजवळ ही मालमत्ता पुरेपूर असावी! पुढे दर दहा वर्षांनी त्यातली सुमारे दहा टक्के कमी होते. आमच्या वर्गातील कोणीही हे वाचताच घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा ओळखील. मी गणित करून पाहिले. शंभरावरून साठ वर्षांत त्रेपन्न उरतात. मोजणीत ऐंशीव्या वर्षापर्यंतची घट पंचेचाळीस टक्के आली आहे, जवळजवळ तेच.

हा झाला निरोगी माणसाचा घसारा. आजारात काय होते?

अलॉइस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे ऑगस्ट नावाच्या एका स्त्रीची तपासणी केली. तिला स्वतःचे आडनावही नीट सांगता येत नसे. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेली धाग्यांची गुंतवळ त्यांना दिसली. ह्या दोन्ही गोष्टी मुख्यतः करड्या भागातल्या. त्यामुळे पुढे अनेक वर्षे सगळे लक्ष सालीकडेच राहिले आणि आतल्या तारांचा विचार मागे पडला. शिवाय जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहणार कसा? १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सी.टी. स्कॅन झाले, त्यानंतर एम.आर.आय. आला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतील पांढऱ्या भागात वेगळेच ठिपके दिसू लागले. १९८७ मध्ये हाचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ग्रीक शब्दांवरून ल्युकोअरायोसिस हे नाव दिले. पांढरे विरळ होणे, असा त्याचा अर्थ.

एम.आर.आय. म्हणजे क्ष-किरण नव्हेत. त्यात मोठे चुंबक शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनला हलवते आणि त्याच्याकडून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार होते. म्हणजे चित्र असते ते मुख्यतः पाण्याचे. त्यातील फ्लेअर नावाच्या पद्धतीत मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव मुद्दाम काळा केला जातो. मग जिथे मायलिन झिजून पाणी वाढले आहे ती जागा उजळ उठून दिसते. इथे माझा फार गोंधळ झाला होता. ह्या चित्रात निरोगी पांढरा भाग गडद दिसतो आणि बिघडलेला भाग पांढरा! आबांच्या फिल्मवर मधल्या पोकळ्यांच्या कडेने कापसाच्या पेळूसारखे जे उजळ पुंजके होते, ते मी चांगल्या भागाचे समजत होतो. ते नुकसानीचे होते.

पण डाग दिसण्याच्या आधीच तार बिघडू लागलेली असते. ती पाहण्याची युक्ती मला सगळ्यात आवडली. आमच्याकडे ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते कपाशीला सरीने पाणी देतात. सरी शाबूत असेल तर पाणी सरळ धावते. वरंबा फुटला की चहूकडे पसरते. तंतूंच्या जुडीतही पाण्याचे कण जुडीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकायला मायलिन आणि तंतूची भिंत अडवते. पीटर बासर व डेनिस ले बिहान ह्यांनी १९९४ साली ही दिशा मोजण्याची रीत मांडली. तिच्यात शून्य ते एक ह्यांच्या दरम्यान एक आकडा मिळतो. आकडा एकाकडे झुकला तर सरी शाबूत, शून्याकडे झुकला तर पाणी पसरले. अल्झायमरच्या रुग्णांत हा आकडा स्मृतीच्या केंद्राला इतर भागांशी जोडणाऱ्या जुड्यांत, तसेच डावा-उजवा मेंदू जोडणाऱ्या सेतूच्या मागच्या भागात उतरलेला आढळतो. त्यावरून मला आबांचे वागणे थोडे कळले. त्यांना दुधाचा भाव आठवत होता, पैसे मोजताही येत होते. पैसे दिले ही नोंद मात्र कीर्दीतून खतावणीत जात नव्हती.

नुकसान कशाने होते ह्याला एकच उत्तर नाही. पेशी मेली की तिचा तंतू सुकतो, हे एक. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या रक्तदाबाने वा मधुमेहाने खराब झाल्या की पांढऱ्या भागाला रक्त कमी पडते, हे दुसरे. कित्येक म्हाताऱ्यांत दोन्ही एकदम चालू असते. सगळा दोष रक्तवाहिन्यांचाच, असेही म्हणता येत नाही. काही कुटुंबांत हा रोग जनुकातून तरुणपणीच येतो. त्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात मेंदूच्या मागील भागातले डाग लक्षणांच्या अपेक्षित वयाच्या बावीस वर्षे आधीपासून वेगळे दिसू लागले होते. उलट, असे थोडेफार डाग साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ धडधाकट माणसांतही असतात. म्हणून नुसती फिल्म पाहून कोणाला अल्झायमर झाला असे ठरवू नये. बोलणे, वागणे, स्मृतीच्या चाचण्या हे सर्व पाहावे लागते. भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांतील कितीजणांच्या घरी "वय झाले" एवढ्यावर विषय संपत असेल, कोण जाणे. आमच्याकडे दीड वर्ष तसाच संपत होता.

रक्तदाबाची बाजू मात्र माणसाच्या हातातली आहे. अमेरिकेत वरचा रक्तदाब काहींचा १४० च्या खाली आणि काहींचा १२० च्या खाली ठेवून तुलना केली गेली. २०१९ च्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात डागांचे आकारमान सरासरी १.४५ घनसेंटिमीटरने वाढले, दुसऱ्यात ०.९२ ने. डाग गेले नाहीत, वाढ कमी झाली. आबांना रक्तदाबाच्या गोळ्या पन्नाशीतच सांगितल्या होत्या. काही त्रास वाटत नाही म्हणून त्यांनी त्या सोडल्या, आणि आम्ही कोणी विचारले नाही.

आता आपल्या अंकाला लागू पडणारी गोष्ट. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन भाषा बोलणाऱ्यांत रोगाची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष असे की शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता, म्हणजे केवळ शिक्षणाचा तो परिणाम म्हणता येत नाही. डॉ. अल्लाडी पुढे बंगळूरच्या निम्हान्समध्ये गेल्या. कानडी विभागाच्या वाचकांना ते नाव जवळचे असेल. जगात सर्वत्र हा फरक सापडलेला नाही, काही अभ्यासांत तो मुळीच दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. श्वेतद्रव्याबाबत तर गंमत आहे. २०११ साली टोरंटोच्या संशोधकांना द्विभाषिक वृद्धांच्या तारा अधिक शाबूत दिसल्या. २०१३ साली केंटकीत उलट त्या अधिक झिजलेल्या दिसल्या, पण माणसे कामात कुठे मागे नव्हती. दोन्हीकडे मोजकीच माणसे तपासली होती. दुसऱ्या निकालाचा अर्थ आम्हा वाणिज्यवाल्यांना परका नाही. तोटा झालेला असतो, पण राखीव निधीतून खर्च भागत असल्याने पेढीचे दार उघडे राहते. निधी संपला की मग एकदम दिसते. आबांचे तसे झाले असेल का? मराठी आणि तेलुगू ह्या दोन वह्यांवर त्यांनी किती वर्षे काढून नेली असतील, हे एका फिल्मवरून सांगता येणार नाही.

आबा आता आईशी तेलुगूत बोलतात. आई यवतमाळची, तिला तेलुगू बेताचेच येते. तेलुगू दूधवाल्याशी ते मराठीत बोलतात. तो "हो आबा" म्हणतो आणि पैसे दुसऱ्यांदा घेत नाही. दुधाची वही धाकटी बहीण लिहिते, निळ्या शाईने. त्याच वहीच्या मागल्या पानांवर ती दर रविवारी बाबांचा रक्तदाब मांडते आणि मला फोनवर वाचून दाखवते. दिवाळीत १५६ होता. गेल्या रविवारी १३८ निघाला. गोळी घेतली का, म्हणून मी विचारले, तर बाबा मागून म्हणाले, "घेतली रे, तिच्या वहीत लिहिले आहे."