शस्त्रावाचून शौर्यपदक

रणांगणावरील पराक्रमाची गोष्ट निघाली की शत्रूचे किती सैनिक पडले, याचीच विचारणा प्रथम होते. तथापि ज्याने आयुष्यात शत्रूवर एकही गोळी झाडली नाही, अशा एका साध्या सैनिकाला अमेरिकेने आपले सर्वोच्च शौर्यपदक अर्पण केले. त्या डेस्मंड डॉसची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे १९१९ साली एका सुताराच्या घरी डॉसचा जन्म झाला. घराणे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे. घरात बायबलमधील दहा आज्ञांचे एक चित्र होते. हत्या निषिद्ध मानणाऱ्या आज्ञेपाशी काइनाने सख्ख्या भावाचा वध केल्याचा प्रसंग रेखाटला होता. तो बालमनावर कायमचा कोरला गेला.

१९४२ च्या एप्रिलमध्ये सक्तीच्या भरतीनुसार त्याला सैन्यात जावे लागले. जहाजगोदीत नोकरी असल्याने त्याला सूट मागता आली असती. त्याने ती मागितली नाही. देशसेवा त्याला मान्यच होती, परंतु शस्त्र तो हाती धरणार नव्हता. साहजिकच छावणीत त्याची हेटाळणी सुरू झाली. शनिवार हा त्याचा उपासनेचा वार. त्या दिवशी आजाऱ्यांची शुश्रूषा सोडून अन्य काम तो करीत नसे, याचाही राग होता. मानसिकदृष्ट्या अपात्र ठरवून त्याला घरी धाडण्याचा वरिष्ठांनी प्रयत्न केला. श्रद्धेला वेड म्हणवून घेणे त्याने नाकारले. अखेर शुश्रूषक म्हणून तो आघाडीवर गेला आणि ग्वाम व लेते या बेटांवर त्याने जखमींची सेवा केली.

खरी कसोटी लागली ती १९४५ साली ओकिनावा बेटावर. सुमारे ४०० फूट उंचीच्या कड्यावर चढलेल्या त्याच्या तुकडीवर जपान्यांनी भयंकर मारा केला. धडधाकट सैनिक माघारी उतरले; जखमी वरच राहिले. डॉस त्यांच्याजवळ थांबला. एकेकाला त्याने कड्याच्या काठापर्यंत ओढीत आणले आणि दोराने बांधून खाली सोडले. त्याच्या मते वाचलेले ५० असावेत, इतरांच्या मते १००. अखेर मानपत्रात ७५ हा आकडा नोंदला गेला. त्याला हिणविणाऱ्या तुकडीचेच हे लोक होते.

२१ मे रोजी हातबॉम्बने त्याचे पाय जखमी झाले. पाच तासांनी त्याला स्ट्रेचर मिळाले. पण वाटेत अधिक गंभीर जखमी दिसताच त्याने आपली जागा त्याला दिली. पुढे गोळीने त्याचा हात मोडला. ज्या बंदुकीला तो शिवत नसे, तिचाच दस्ता त्याने मोडक्या हाताला आधार म्हणून बांधला आणि ३०० यार्ड सरपटत जाऊन उपचारकेंद्र गाठले.

१२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ प्रदान केले. शस्त्र नाकारणाऱ्याला मिळालेले हे पहिलेच असे पदक. युद्धकाळात जडलेल्या क्षयाने पुढे त्याचे एक फुप्फुस व पाच बरगड्या गेल्या. २००६ साली त्याचे निधन झाले.

मुलाबाळांना वीरकथा सांगताना ही कथाही सांगावी, असे आम्हांस वाटते. आपले तत्त्व जपताना संकटाचा वाटा मात्र त्याने दुसऱ्यावर टाकला नाही. त्या पदकाचे मोल आम्हांला यातच दिसते.