मोजे विणण्याआधी टाके मोजा

लोकरीचे मोजे विणताय? आधी छोटा नमुना विणा, आणि तोही गोलच. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट येते आणि बऱ्याच जणींचे उलट टाके जरा सैल पडतात. गोल विणीत सगळे सुलटच, त्यामुळे माप बदलतं. माझा पहिला मोजा माप चुकल्याने घोट्यावरून घसरत होता. टाके ६४. १० सेंमीत ३२ बसले तर घेर २० सेंमी. माझे बसले २८, म्हणजे जवळपास २३! अख्खा मोजा उसवला, अडीच मिमीच्या सुया सोडून दोनच्या घेतल्या. नमुना धुऊन, वाळवून मगच माप घ्या, लोकर पाण्यात पसरते. आणि मोज्याचा घेर पायाच्या घेरापेक्षा साधारण दहाव्या हिश्श्याने कमी ठेवा.